घोडं कुठे पेंड खातंय, हे कर्नलने सांगायचं कसं?

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा सोंगाचा संगणक) चालवायचं म्हणून कोणी केव्हीएमचं, म्हणजे कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) त्यासाठीच्या भागाचं, मॉड्यूल लोड करायला जातं आणि टर्मिनलवर एक ओळ उमटते: 'कुड नॉट इन्सर्ट केव्हीएम-इंटेल: ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. थोडक्यात, हे इथे जमणार नाही. पण का जमणार नाही? प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोयच नसेल. सोय असेल, पण बायॉसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बंद ठेवलेली असेल. किंवा आपण ज्याला खरं मशीन समजतोय तेच दुसऱ्या कुणाच्या तरी आत चालणारं व्हर्च्युअल मशीन असेल आणि बाहेरच्याने ही सोय आत पोचू दिलेली नसेल. पहिल्या वेळी प्रोसेसर बदलावा लागतो, दुसऱ्या वेळी रीस्टार्ट करून एक सेटिंग बदललं की काम होतं, तिसऱ्या वेळी बाहेरचं मशीन ज्याच्या हातात आहे त्याला गाठावं लागतं. टर्मिनलवरची ओळ मात्र तिन्ही वेळा तीच.

अशा वेळी आपल्याला वाटतं, संगणकालाच कारण ठाऊक नसेल. तसं नसतं. कुठल्या तपासणीत गाडी अडली हे कर्नलच्या त्या फंक्शनला पक्कं माहीत असतं, कारण ती तपासणी त्यानेच केलेली असते. तिथून आपल्या डोळ्यांपर्यंत येईतो ते कारण वाटेत गळतं. कर्नलच्या व्हर्च्युअलायझेशन कोडमधले एरर मेसेज सुधारायचे म्हणजे ही गळती शोधायची आणि बुजवायची. कामाला फारसं ग्लॅमर नाही, पण त्यामुळे लोकांचे तासन्‌तास वाचतात, आणि मला ते कर्नलमधल्या सगळ्यात उपयोगी कामांपैकी एक वाटतं.

किती हातांतून जातं

गळती कुठे होते ते कळायला हे थर एकावर एक कसे बसलेत ते बघू. सगळ्यात खाली प्रोसेसर. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनचा आधार द्यायला सुरुवात केली. इंटेलचा व्हीएमएक्स, एएमडीचा एसव्हीएम. त्याच्यावर केव्हीएम, म्हणजे हा आधार वापरणारा कर्नलमधला भाग. अवी किव्हिटी यांनी क्यूमरानेट कंपनीत असताना तो लिहायला घेतला, २००६ मध्ये जाहीर केला, आणि २००७ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून तो लिनक्सचा भाग झाला. केव्हीएमच्या वर क्यूईमू: डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन यांची सोंगं वठवणारा साधा प्रोग्रॅम. त्याच्याही वर लिबव्हर्टसारखं व्यवस्थापनाचं साधन किंवा एखादं वेबपान, जिथे आपण 'स्टार्ट'चं बटण दाबतो.

बिघाड बहुतेक वेळा तळाशी होतो, बातमी वर पोचावी लागते. कर्नल आणि क्यूईमू यांच्यातला मुख्य दुवा म्हणजे आयओसीटीएल नावाचा सिस्टिम कॉल. तो फसला की कर्नलकडून परत मिळतो एक आकडा. २२ म्हणजे 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट', १३ म्हणजे 'परमिशन डिनाइड', ९५ म्हणजे 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. हे आकडे युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आलेत, तेव्हा व्हर्च्युअल प्रोसेसर वगैरे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आजही केव्हीएमच्या शेकडो तपासण्यांची उत्तरं याच मूठभर आकड्यांत कोंबावी लागतात.

गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला, मेमरी नेमून द्यायचा कॉल घ्या. मेमरीचा आकार पानाच्या पटीत नसेल (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा; एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, तो ४०९६ बाइटचा), गेस्टमधला पत्ता पानाच्या सीमेवर नसेल, क्यूईमूच्या बाजूचा पत्ताही तसा नसेल, स्लॉटचा (नेमून दिलेल्या मेमरीच्या तुकड्याचा) क्रमांक मर्यादेबाहेर असेल किंवा नको तो फ्लॅग लावला असेल. उत्तर एकच, २२. दोन तुकडे एकमेकांवर चढले तर तेवढं 'फाइल एग्झिस्ट्स' असं वेगळं उत्तर येतं. तिथे फाइल वगैरे काहीच नसते, पण 'ही जागा आधीच घेतलेली आहे' हा अर्थ जवळचा म्हणून तो आकडा वापरलाय.

क्यूईमूने इथे आपल्या परीने उपाय केलाय. कॉल फसला की तो स्लॉट कितवा, सुरुवातीचा पत्ता कोणता, आकार किती, हे सगळं छापतो आणि मग 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' जोडतो. कुठली अट मोडली ते यातूनही कळत नाही, पण कॉलला काय दिलं होतं ते समोर असतं. हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावर) छापलेल्या पत्त्याच्या शेवटी तीन शून्यं नाहीत हे जाणकाराच्या एका नजरेत भरतं.

'बायॉसने बंद केलंय' या एका वाक्यामागे

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे जरा जवळून बघू. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये फीचर कंट्रोल नावाचं एक रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी नोंदजागा) असतं, हेक्साडेसिमलमध्ये त्याचा क्रमांक ३ए. त्यातला शून्यावा बिट म्हणजे कुलूप. दुसरा बिट म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत व्हीएमएक्स वापरायची परवानगी. पहिला बिटही परवानगीचाच, पण ट्रस्टेड बूटच्या खास परिस्थितीसाठी. मशीन चालू होताना बायॉस या बिटांची मांडणी करतं आणि कुलूप लावतं. एकदा ते लागलं की मशीन रीसेट होईपर्यंत कर्नललाही त्यात बदल करता येत नाही. परवानगी न देताच कुलूप लावलेलं असेल तर विषय संपला. बायॉसने कुलूपच लावलं नसेल तर मात्र कर्नल स्वतः परवानगीचा बिट लावतो आणि कुलूपही घालतो.

इतक्या सगळ्या गोष्टींसाठी केव्हीएममध्ये बरीच वर्षं एक त्रोटक ओळ होती: 'केव्हीएम: डिसेबल्ड बाय बायॉस'. तिच्या शेजारी दुसरी: 'केव्हीएम: नो हार्डवेअर सपोर्ट'. ओळी खोट्या नव्हत्या, त्रोटक होत्या. काय बंद आहे? इंटेलचं मॉड्यूल बोलतंय की एएमडीचं? बायॉसच्या पडद्यावर ज्याला 'एसव्हीएम मोड' म्हणतात ते शोधायचं की 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी'? पुढे या ओळींत मॉड्यूलचं नाव आलं. आणि अलीकडच्या कर्नलमध्ये ती तपासणी मुळातूनच नव्याने लिहिली गेली. आता प्रोसेसरमध्ये सोय नसेल तर 'व्हीएमएक्स नॉट सपोर्टेड बाय सीपीयू' आणि पुढे सीपीयूचा क्रमांक येतो. सोय आहे पण बंद आहे, असं असेल तर 'व्हीएमएक्स नॉट एनेबल्ड बाय बायॉस', मग त्या फीचर कंट्रोल रजिस्टरचं नाव आणि पुन्हा सीपीयूचा क्रमांक.

क्रमांक कशाला, असं वाटेल. पण हे रजिस्टर प्रत्येक कोअरसाठी वेगळं भरावं लागतं. एखाद्या गचाळ बायॉसने ते काही कोअरवर भरलं आणि काहींवर सोडून दिलं, तर सेटिंगच्या पडद्यावर सगळं आलबेल दिसेल आणि तरीही गाडी अडेल. अशा वेळी 'सीपीयू ५' एवढे दोन शब्द दिसले की संशय थेट बायॉसवर जातो.

याच भागातली आणखी एक सुधारणा मला फार आवडते. पूर्वी कोणी विचारलं की सगळे सांगायचे, 'प्रॉक सीपीयूइन्फो (प्रोसेसरच्या सोयींची यादी दाखवणारी फाइल) बघ, फ्लॅगमध्ये व्हीएमएक्स दिसतंय का?' ते दिसायचं, तरीही केव्हीएम चालायचं नाही, कारण सोय असणं आणि ती वापरायची मुभा असणं यांत तिथे फरकच केलेला नव्हता. २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून बूट होतानाच कर्नल ते कुलूप तपासतो, परवानगी नसेल तर यादीतून व्हीएमएक्स काढून टाकतो आणि लॉगमध्ये बायॉसने ते बंद केल्याची नोंद करतो. एरर यायच्या आधीच माहिती खरी करून ठेवली, तर पुढचे कितीतरी चुकीचे तर्क टळतात.

८०००००२१

केव्हीएम वापरणाऱ्यांच्या ओळखीचा एक आकडा आहे. 'केव्हीएम: एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर' आणि पुढे हेक्साडेसिमलमध्ये ८०००००२१. बघून वाटतं, प्रोसेसरच गेला.

तो उलगडता येतो. सगळ्यात वरचा बिट लागलेला आहे, त्याचा अर्थ गेस्टमध्ये शिरतानाच अडलं. उरले २१, दशमानात ३३. इंटेलच्या पुस्तिकेत ३३ क्रमांकाचं कारण आहे 'गेस्ट स्टेट अवैध'. गेस्ट चालू करण्याआधी प्रोसेसर त्याची सगळी मांडणी तपासतो: सेगमेंट रजिस्टर, कंट्रोल रजिस्टर, इंटरप्टची स्थिती, असं बरंच काही. त्यातलं काहीही एकमेकांशी जुळलं नाही तर तो ३३ म्हणतो आणि थांबतो. नेमकं काय जुळलं नाही, याबद्दल ताकास तूर लागू देत नाही. म्हणजे हार्डवेअर बहुधा ठणठणीत असतं; त्याला दिलेली मांडणी चुकलेली असते.

या आकड्याखाली क्यूईमू एक लांबलचक खुलासा छापतो. त्याचा आशय असा: तुमच्या इंटेल मशीनमध्ये अनरिस्ट्रिक्टेड मोडची सोय नसेल, तर गेस्ट बहुधा 'बिग रिअल मोड' या प्रोसेसरच्या एका खास स्थितीत गेला असावा आणि जुन्या प्रोसेसरना ते चालत नाही. लिहिला गेला तेव्हा हा खुलासा मोलाचा होता. पण ती सोय २०१० च्या वेस्टमियर पिढीपासून इंटेलमध्ये आहे. आज हाच आकडा नव्याकोऱ्या मशीनवर आला, तर कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं आणि वाचणारा बिग रिअल मोडचा शोध घेत भलतीकडे जातो. मेसेजची सुरुवात 'जर'ने आहे, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण ते 'जर' तपासायचं काम वाचणाऱ्यावर का टाकायचं? अनरिस्ट्रिक्टेड गेस्टची सोय चालू आहे की नाही, हे केव्हीएमचं इंटेल मॉड्यूल सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या) एका फाइलमधून कुणालाही सांगतं. जे मशीनला ठाऊक आहे ते माणसाला विचारायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग सगळंच का छापत नाहीत?

कारण समोरचा गेस्ट विश्वासू असेलच असं नाही. साध्या ड्रायव्हरने एखादा मेसेज जास्त छापला तर लॉग थोडा वाढतो, एवढंच. केव्हीएमचं तसं नाही. गेस्टमध्ये काय चालेल हे गेस्टचा मालक ठरवतो. ज्या चुकीवर होस्टच्या (बाहेरच्या मशीनच्या) लॉगमध्ये एक ओळ पडते, ती चूक त्याने मुद्दाम सेकंदाला लाखो वेळा केली तर होस्टची डिस्क भरेल आणि कामाच्या नोंदी त्या पुरात बुडतील. त्यामुळे गेस्टच्या हातात ज्याची दोरी आहे असा प्रत्येक मेसेज तोलूनमापून लिहावा लागतो.

यावर कर्नलकडे काही तयार उपाय आहेत. एक म्हणजे दरावर लगाम: एरवी ठरलेली मर्यादा म्हणजे ५ सेकंदांत जास्तीत जास्त १० मेसेज, बाकीचे गाळले जातात. दुसरा म्हणजे मेसेज आयुष्यात एकदाच छापायचा. वरच्या ३३ क्रमांकाच्या बिघाडात तिसरा मार्ग घेतलाय. व्हीएमसीएस नावाची गेस्टची सगळी मांडणी केव्हीएमला छापता येते, पण ती पानभर असते आणि बिघाड घडवणं गेस्टच्या हातात असू शकतं. म्हणून आता ती आपोआप छापत नाहीत. त्याऐवजी लॉगमध्ये एक ओळ येते: अंतर्गत स्थिती बघायची असेल तर मॉड्यूलचं डम्प-इन्व्हॅलिड-व्हीएमसीएस हे पॅरामीटर १ करा. पुढे काय करायचं ते इथे नेमकं सांगितलंय, आणि करायचं की नाही हे होस्ट सांभाळणाऱ्यावर सोडलंय. छोट्या जागेत इतकं नीट काम करणारे मेसेज फार थोडे असतील.

पत्त्यांचीही अशीच गोष्ट. डीबगिंग करणाऱ्याला मेमरीचा खरा पत्ता हवा असतो, पण कर्नलचे खरे पत्ते लॉगमध्ये सांडले तर हल्ला करणाऱ्याचं काम सोपं होतं. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ पासून पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नेहमीच्या पद्धतीने छापला तर त्याचं हॅश केलेलं, म्हणजे खरा पत्ता ओळखू न येणारं रूप दिसतं. दोन ओळींतला पॉइंटर एकच आहे का, एवढं त्यातून कळतं आणि बरेचदा तेवढं पुरतं.

सगळ्यात नाजूक प्रश्न असतो तो 'हे कधीच घडायला नको' अशा ठिकाणचा. तिथे वॉर्निंग टाकायचा मोह होतो. पण अनेक ठिकाणी सर्व्हर असे बसवलेले असतात की कर्नल वॉर्निंग आली की मशीनच बंद पडतं. गेस्टला ती वॉर्निंग उठवता आली, तर एका गेस्टपायी होस्टवरचे सगळे गेस्ट कोसळतील. म्हणून केव्हीएमने स्वतःचं एक मॅक्रो (नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा) आणलं, केव्हीएम-बग-ऑन. ते एकदा वॉर्निंग देतं आणि फक्त त्या एका व्हर्च्युअल मशीनवर 'बिघडलंय' असा शिक्का मारतं. त्यानंतर त्या मशीनचे कॉल एरर घेऊन परततात. हे वापरायचं ते केव्हीएमच्या स्वतःच्या चुकांसाठी. गेस्टला मनात आणून घडवता येईल अशा गोष्टीला हे लावलेलं दिसलं, तर रिव्ह्यूमध्ये तो पॅच अडतो आणि अडायलाच हवा.

दोन अक्षरांचं मॅक्रो

या सगळ्यात मला सगळ्यात देखणी वाटणारी सुधारणा नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमध्ये आहे. गेस्टच्या आत आणखी एक गेस्ट चालवायचा असेल, तर आतल्या हायपरव्हायझरसाठी (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) प्रोसेसरचं सोंग केव्हीएमला घ्यावं लागतं. मग खरा प्रोसेसर ज्या तपासण्या करतो त्या केव्हीएमला सॉफ्टवेअरमध्ये कराव्या लागतात, आणि त्या डझनावारी आहेत. कोडमध्ये त्या अशा असायच्या: ही अट मोडली, परत जा, इन्व्हॅलिड, ती मोडली, परत जा, इन्व्हॅलिड. आतला हायपरव्हायझर चालला नाही की त्याच्या लेखकाला पुस्तिका उघडून एकेक अट हाताने पडताळावी लागायची.

प्रत्येक अटीसाठी वेगळा मेसेज लिहिणं हा सरळ उपाय झाला असता. पण डझनावारी वाक्यं लिहायची, ती अटीशी जुळती ठेवायची, आणि पुढे अट बदलली की वाक्य बदलायचं कुणी तरी विसरणार. त्याऐवजी प्रत्येक अट सीसी नावाच्या छोट्या मॅक्रोमध्ये गुंडाळली. सी भाषेच्या प्रीप्रोसेसरला कोडच्या तुकड्याचा मजकूर करता येतो, त्याचा फायदा घेऊन अट मोडली की हे मॅक्रो त्या अटीचा कोडमधला मजकूर जसाच्या तसा ट्रेसपॉइंटमध्ये (हवी तेव्हाच चालू करायच्या नोंदीच्या जागेत) टाकतं. आता ट्रेसमध्ये थेट लिहून येतं की, उदाहरणार्थ, होस्टच्या सीआर० रजिस्टरची तपासणी नापास झाली. मेसेज आणि कोड यांत फारकत होऊच शकत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. शिवाय ट्रेसपॉइंट एरवी बंद असतो, त्यामुळे लॉग भरायची भीती नाही आणि वेगालाही फटका नाही.

ऐकणारा कोण, तेही बघावं

लॉग वाचायला बऱ्याचदा रूटचे अधिकार लागतात, आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याकडे ते असतीलच असं नाही. म्हणून बरीच माहिती थेट क्यूईमूच्या हातात द्यावी, असा केव्हीएमचा कल वाढतोय. केव्हीएम आणि क्यूईमू यांच्यात प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूमागे एक सामायिक मेमरी असते. गेस्टची एखादी सूचना केव्हीएमला उलगडता आली नाही, तर पूर्वी तिथे 'एम्युलेशन फेल्युअर' एवढाच निरोप यायचा. आता त्या सूचनेचे बाइटही सोबत देता येतात, जास्तीत जास्त १५, कारण एक्स८६ ची सूचना त्याहून लांब नसते. ते बाइट डिसअसेंबलरला दिले की कोणती सूचना अडली ते लगेच कळतं. गेस्टमध्ये शिरताना अडलं, तर ते कुठल्या खऱ्या सीपीयूवर घडलं तेही मिळतं. हजारो मशीन सांभाळणाऱ्याला त्याचं महत्त्व विचारा: तोच बिघाड पुन्हा पुन्हा एकाच सीपीयूवर येतोय असं दिसलं, तर इथे मात्र हार्डवेअरवरच संशय घ्यावा लागतो.

कधी कधी कारण पोचलेलं असूनही वापरलं जात नाही. गेस्टची एमएसआर नावाची रजिस्टरं भरायचा कॉल किती रजिस्टरं भरली गेली ते परत सांगतो आणि पहिल्या अपयशाला थांबतो. समजा ३० दिली आणि उत्तर १७ आलं, तर अठराव्याने घात केला हे उघड आहे. क्यूईमू मात्र एकेकाळी दोन आकडे जुळत नाहीत एवढं बघून नुसत्या असर्शनवर (कोडमधल्या 'हे असंच असायला हवं' या तपासणीवर) कोसळायचा. नंतर त्यात एक ओळ आली: अमुक रजिस्टरमध्ये अमुक किंमत भरता आली नाही. कर्नलमध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

शब्दांची निगा

बारीकसारीक गोष्टींचाही मोठा उपयोग होतो. मेसेज लांब झाला तरी कोडमध्ये तो दोन ओळींत तोडायचा नाही, असं कर्नलची कोडिंग स्टाइल सांगते, कारण लॉगमधली ओळ उचलून कोडमध्ये ग्रेप करणाऱ्याला (शोधणाऱ्याला) ती सापडली पाहिजे. स्पेलिंग नीट हवं, वाक्य मोजकं आणि नि:संदिग्ध हवं, हेही तिथेच लिहिलंय. केव्हीएमच्या एक्स८६ कोडमध्ये प्रत्येक मेसेजच्या आधी मॉड्यूलचं नाव आपोआप लागेल अशी व्यवस्था केली गेली. तोवर कुठे 'केव्हीएम' असायचं, कुठे काहीच नसायचं. गेस्टने अनोळखी रजिस्टरला हात लावला की येणाऱ्या ओळीत कुठला व्हर्च्युअल सीपीयू, गेस्टमधली सूचना कुठल्या पत्त्यावर होती आणि रजिस्टर कोणतं, हे तिन्ही असतं. एका होस्टवर शंभर गेस्ट असताना याशिवाय बोट ठेवायचं कुणावर?

हे काम हाती घ्यायचं असेल तर एक भेद लक्षात असू द्या. लॉगमधल्या वाक्याचे शब्द सुधारायला सहसा कुणाची हरकत नसते. कॉलने परत दिलेला आकडा मात्र प्रोग्रॅम वाचतात आणि त्यावर निर्णय घेतात. २२ च्या जागी दुसरा अधिक अचूक आकडा दिला, तर कुठला तरी जुना प्रोग्रॅम मोडू शकतो. म्हणून आकडा तसाच ठेवून कारण दुसऱ्या वाटेने पोचवायचं.

आणि बदललेला मेसेज खरोखर उमटताना बघायलाच हवा. त्यासाठी बिघाड मुद्दाम घडवावा लागतो, आणि दर वेळी बायॉसमध्ये जाण्याची गरज नसते. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू असलेल्या मशीनवर क्यूईमूला होस्टचा सीपीयू द्या, पण त्यातून व्हीएमएक्स वजा करा. मग गेस्टमध्ये आपला बदललेला कर्नल बूट करून केव्हीएमचं इंटेल मॉड्यूल लोड करा. मॉड्यूल लोड करणारी मोडप्रोब ही कमांड 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणेल, आणि गेस्टच्या कर्नल लॉगमध्ये शेवटची ओळ असेल: 'व्हीएमएक्स नॉट सपोर्टेड बाय सीपीयू', पुढे क्रमांक.